पेनावरचं परक्याचं नाव खोडू का?

पत्र

सप्रेम नमस्कार,

गेली सहा वर्षं मी जुन्या वस्तू जमवतोय. संग्रह मोठा नाही, पण जे आहे ते जीव लावून जमवलेलं आहे. सध्या तीन गोष्टींनी डोकं खाल्लंय.

पहिली, एक शाईपेन. साधारण शंभर वर्षांपूर्वीचं, एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं. मूळचं काळं, आता शेवाळी तपकिरी झालेलं. आतली शाई साठवायची रबरी नळी वाळून तिचे तुकडे झालेत. आणि दांडीवर कुणाचं तरी नाव कोरलेलं आहे. हा माणूस कोण, कुठला, शोधूनही सापडलं नाही. पॉलिश करून पेन पुन्हा काळंभोर करावं, त्यातच ते नावही घासून टाकावं आणि रोज त्यानं लिहावं असा विचार आहे.

दुसरी, लाकडी पेटीचा, वाल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) रेडिओ. बंद आहे. मुलगी म्हणते, आतलं सगळं काढून टाका आणि ब्लूटूथ स्पीकर बसवा, निदान वाजेल तरी.

तिसरी गोष्ट करून मोकळा झालोय. तांब्याची काही जुनी नाणी काळी पडली होती. लिंबू आणि मीठ लावून घासली, आरशासारखी झाली. आनंदानं एका ज्येष्ठ संग्राहकांना दाखवायला गेलो, तर "वाट लावलीस" एवढंच म्हणाले आणि पुढं बोललेच नाहीत.

वस्तू माझी, पैसे माझे. मग मी तिचं काय करावं हे दुसऱ्यांनी का ठरवायचं? की संग्राहकानं कशालाच हात लावायचा नाही, नुसतं राखणदारासारखं बसून राहायचं?

— हात शिवशिवणारा एक संग्राहक

उत्तर

नमस्कार.

नाण्यांपासून सुरुवात करू, कारण तिथं आता करण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

त्या ज्येष्ठांचं म्हणणं बरोबर होतं, गप्प बसणं चूक होतं. नाणं पाडताना ठशांच्या दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी चमक गोल फिरते, ती या रेघांची. काळपट थर हा बाहेरून बसलेला मळ नसतो. तो नाण्याच्याच तांब्याचा झालेला असतो. आम्लानं तो विरघळला की त्याबरोबर वरचं तांबंही जातं, आणि घासण्यानं रेघा उरल्या असतील त्याही जातात. तुम्हाला वाटलं धूळ पुसली, प्रत्यक्षात साल काढली. आता जी चमक दिसते आहे ती सपाट आहे, नाणं फिरवलं तरी ती जागची हलत नाही. नाणी ओळखणाऱ्या माणसाला ती हातभर अंतरावरूनही कळते.

दोन कामं मात्र आजच करा. एक, ती नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये चार-पाच वेळा, दर वेळी पाणी बदलून, भिजवून ठेवा आणि मऊ कापडानं टिपून घ्या. पुसू नका, टिपा. कारण मिठात क्लोराइड असतं, आणि खाचाखोचांत राहिलेलं क्लोराइड ओलाव्याशी हातमिळवणी करून तांबं आतून खात राहतं. लिंबापेक्षा मला तुमच्या मिठाची जास्त काळजी वाटते. दोन, ती पुन्हा काळी करायला जाऊ नका. तशी रसायनं मिळतात, पण मग चुकीवर खोटेपणाचा थर बसेल. पाकिटावर "साफ केलेली" असं लिहा, तारीख घाला, विषय संपवा.

आता यावरून "जुन्या नाण्याला हातच लावायचा नाही" असा नियम काढाल, तर तोही खरा नाही. तांब्याच्या किंवा काशाच्या नाण्यावर फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके उठले, पुसले तरी पुन्हा उठले, तर ते जुनेपणाचं सौंदर्य नव्हे. तो क्लोराइडचा रोग आहे आणि तो धातू पोखरत जातो. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं, अगदी कोरड्या जागी ठेवायचं आणि जाणकाराकडून त्यावर उपचार करून घ्यायचे. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यांवर चिकट हिरवट लेप येतो, तोही काढायलाच हवा. शुद्ध ॲसिटोननं तो निघतो आणि धातूला काही होत नाही (खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको). इथं "जुनं आहे, राहू दे" म्हणत बसणारा माणूस वस्तू जपत नसतो, तो आळस करत असतो.

तेव्हा बदलावं की जपावं असा प्रश्न मांडलात तिथंच गाडी चुकीच्या रुळावर गेली. जपायला पुष्कळदा बदलावं लागतं. मी स्वतः वेगळा प्रश्न विचारतो: जे करतोय त्यानं वस्तूतून काही निघून जाणार आहे, की वस्तूत काही भर पडणार आहे? भर घातलेली बहुतेक वेळा पुढच्याला काढता येते. घासून, कापून, धुऊन गेलेलं कुणालाच परत आणता येत नाही. या एका फरकावर माझी अर्धीअधिक उत्तरं ठरतात. उरलेल्या ठिकाणी मीही अडखळतो.

"वस्तू माझी, पैसे माझे." हो, तुमचीच. हे कबूल न करता उपदेश करणारे संग्राहक मला आवडत नाहीत. पण मालकीचा अर्थ किती ताणला जाऊ शकतो याची एक गोष्ट सांगतो. ह्वांग गोंगवांग या चिनी चित्रकाराचं फुचुन पर्वतरांगांचं एक लांबलचक गुंडाळीचित्र आहे, १३५० सालचं. पुढं तीनशे वर्षांनी ते वू होंगयू नावाच्या संग्राहकाकडे होतं. त्याचं त्या चित्रावर इतकं प्रेम की १६५० मध्ये मृत्यूशय्येवर त्यानं ते जाळायला सांगितलं, म्हणजे परलोकात बरोबर येईल. चित्र आगीत पडलं. पुतण्यानं ते ओढून काढलं, पण तोवर त्याचे दोन भाग झाले होते. लहान तुकडा आज चीनमधल्या झेजियांगच्या संग्रहालयात आहे, मोठा तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात. दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले लोकांना पाहायला मिळाले ते २०११ मध्ये.

या चित्राच्या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. अठराव्या शतकात चीनच्या छ्यानलोंग बादशहाकडे या चित्राची एक नक्कल आली. बादशहा मोठा रसिक आणि मोठा संग्राहक होता. ही नक्कल त्याला अस्सल वाटली. त्याची सवय अशी, की आवडलेल्या चित्रावर शिक्के उमटवायचे आणि मोकळ्या जागेत स्वतःच्या ओळी लिहायच्या. या नकलेवर त्यानं पन्नासहून जास्त वेळा लिहिलं, आकाश भरून टाकलं. नंतर खरं चित्र दरबारात आलं तेव्हा त्यानं तेच नकली ठरवलं, आणि म्हणून ते त्याच्या लेखणीच्या तडाख्यातून वाचलं. बादशहाजवळ सत्ता, पैसा, अभ्यास, नजर, सगळं होतं. तरी चुकला. चित्र वाचलं ते त्याच्या ज्ञानामुळं नव्हे, त्याच्या चुकीमुळं. मला वस्तूवर कायमचं काही करायची हुक्की आली की मी या बादशहाची आठवण काढतो. आपल्याला जे पक्कं माहीत आहे असं वाटतं, त्यावर एवढी मोठी पैज लावावी का?

शाई घासण्यासारखी नसते, भरच असते, तरी ती काढता येत नाही. म्हणजे माझा नियम इथं तोकडा पडतो, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो.

आणि गुंता आणखी वाढवतो. ब्रिटिश गयानाचं १८५६ सालचं एक सेंटचं किरमिजी टपाल तिकीट जगात एकच उरलं आहे. कुणीतरी त्याचे चारही कोपरे कातरले आहेत, त्यामुळं ते अष्टकोनी दिसतं. ते एका १२ वर्षांच्या शाळकरी मुलाला १८७३ मध्ये जुन्या कागदांत सापडलं. पुढच्या मालकांपैकी अनेकांनी त्याच्या पाठीवर आपापली खूण केली: कुणी छोटा शिक्का, कुणी आद्याक्षरं. अलीकडच्या एका मालकाचा धंदा बायकांच्या पादत्राणांचा, म्हणून त्यानं उंच टाचेच्या बुटाची रेघ काढली. खरं सांगू? मला हा प्रकार पटत नाही. जगातल्या एकमेव तिकिटावर सही करायला हात कसा धजतो, कोण जाणे. पण आज त्या तिकिटाची वंशावळ वाचायची तर याच खुणा वाचाव्या लागतात. सगळ्यांनी केली ती पाठीवर आणि लहान, हेही खरं. आता कुणी "मूळ स्वरूपात आणतो" म्हणून त्या खुणा पुसल्या, तर मी त्याला कातर चालवणाऱ्याच्याच ओळीत उभं करीन.

यावरून तुमच्या पेनाकडे येतो. दांडीवरचं ते नाव हीसुद्धा अशीच खूण आहे.

आधी रंगाचं. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून तापवून कडक केलेला पदार्थ. उजेड आणि ओल लागली की पृष्ठभागावर रासायनिक बदल होतो आणि काळा रंग उतरत जातो. म्हणून पेन साफ करायला पाण्यात बुडवून ठेवू नका. संध्याकाळी जरासं फिकट असलेलं पेन सकाळी पुरतं तपकिरी होऊन बाहेर आल्याची उदाहरणं पेनवाल्यांना चांगली ठाऊक आहेत. ओलसर फडक्यानं पुसा, लगेच कोरडं करा, निबेचा भाग तेवढा वेगळा धुवा. खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात मांडू नका. आहे तो रंग आहे तिथं थांबवणं, एवढं तुमच्या हातात आहे.

पॉलिशनं काळं करायचं म्हणजे तपकिरी थर खरवडून खालचा काळा उघडा करायचा. त्याआधी एकदा भिंग घेऊन बसा. दांडीवर लाटांसारख्या बारीक रेघांची नक्षी दिसते का? कारखान्याचं नाव, पेटंटची तारीख दिसते? ही अक्षरं दाबून उमटवलेली असतात, खोली असून असून किती, केसाएवढी. तपकिरी थर जाईल तेव्हा त्यांतलं बरंचसं त्याच्याबरोबर जाईल. मग तुमच्याकडे काळीभोर, गुळगुळीत नळी उरेल. ती कुठल्या कारखान्याची, कुठल्या सालची हे सांगणारं काही राहणार नाही. काळा रंग चढवणारी द्रावणंही मिळतात. मी वापरत नाही, कारण त्यांखाली पेनाची खरी अवस्था झाकली जाते आणि पुढं विकताना ती गोष्ट सांगायची हटकून राहून जाते.

नाव तर त्याहून खोल कोरलेलं असतं. दांडीची भिंत मुळातच पातळ. अक्षरं जाईपर्यंत घासलं तर तिथं खळगा पडतो, डोळ्याला नाही दिसला तरी बोटाला लागतोच. म्हणजे नाव जाणार आणि नाव खोडल्याची खूण कायमची राहणार. यात तुम्ही कमावलं काय?

तो माणूस तुमच्या ओळखीचा नाही, मान्य. पण तुमच्या संग्रहात आपण कुणाच्या तरी खिशात होतो हे स्वतःहून सांगणारी ही एकच वस्तू असावी, असं पत्रावरून दिसतं. बाकीच्यांबद्दल तुम्ही फक्त अंदाज करता. पूर्वी कोरीव नाव असलेलं पेन नाकारणारे संग्राहक पुष्कळ होते. मीही होतो. कोरं तेवढं चांगलं, असा खाक्या होता. आता नाव असलेलं पेन मी आधी हातात घेतो. तुम्हाला तसं वाटलंच पाहिजे असं नाही. ते नाव रोज डोळ्यासमोर नकोच असेल, तर हे पेन ज्याला नावासकट हवं आहे त्याला द्या आणि स्वतःसाठी बिननावाचं शोधा. एखादी वस्तू आपल्याला आहे तशी चालत नसेल, तर ती आपल्यासाठी नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. संग्राहकांना हे सांगायला मला वर्षानुवर्षं संकोच वाटत आला आहे, कारण मिळालेली वस्तू सोडणं आपल्या जमातीला जमत नाही.

रबरी नळी मात्र बेलाशक बदला. ती बदलण्यासाठीच होती. सायकलची ट्यूब बदलली म्हणून सायकल बदलली असं कुणी म्हणत नाही. नवी नळी लाखेच्या द्रावणानं बसवतात. पुढच्या माणसाला ती काढायची झाली तर जराशी ऊब दिली की लाख मऊ होते. (ही ऊब बेतानं. आणि हातातलं पेन सेल्युलॉइडचं असेल तर ज्योतीच्या आसपाससुद्धा नको, भस्सकन पेट घेतं.) झटपट चिकटणारे आधुनिक गोंद दूर ठेवा. २०१४ मध्ये कैरोच्या संग्रहालयात इजिप्तच्या प्राचीन राजाच्या, तुतनखामेनच्या, मुखवट्याची दाढी निखळली, तेव्हा घाईघाईनं ती इपॉक्सीनं चिकटवली गेली. डाग दिसू लागला, बोभाटा झाला, आणि दुसऱ्या वर्षी तज्ज्ञांना तो गोंद जपून जपून खरवडावा लागला. शेवटी दाढी बसवली ती मेणानं, प्राचीन कारागिरांनी बसवली होती तशीच. तुमचं पेन म्हणजे काही तुतनखामेन नव्हे, पण गोंद दोन्हीकडे सारखाच वागतो.

निब लिहिताना कागदाला अडत असेल, तर तिचं टोक घासून घेण्याचा मोह होईल. नको. दुसरी निब बसवा आणि मूळ निब चिठ्ठी लावून डबीत ठेवा. माझ्याकडे अशा डब्यांचा एक अख्खा खण आहे. घरच्यांच्या मते तो कचरा आहे.

आता माझी फजिती. तुमच्या नाण्यांवर एवढं बोललो, तर ही सांगायलाच हवी. माझ्याकडे एक जुनं चावीचं मनगटी घड्याळ होतं. तबकडी पिवळसर पडलेली, एका बाजूला पावसाळी ढगासारखा डाग, आकडे मात्र शाबूत. मी ते दुरुस्तीला दिलं आणि वर ऐटीत म्हणालो, तबकडीपण नवी करून द्या. परत आलं ते पांढरंशुभ्र. घरी येऊन भिंग लावलं. कंपनीचं नाव जाड आणि किंचित तिरकं छापलेलं. मिनिटांच्या रेघा कडेला भिडलेल्या नाहीत. मूळ तबकडीवरची आतल्या बाजूची बारीक वर्तुळं तर गायबच. जुना थर खरवडून त्याच पत्र्यावर नवं छापलेलं, त्यामुळं परत मागायला काही शिल्लकच नव्हतं. ज्यानं केलं त्याला दोष देत नाही. मी सांगितलं तेच त्यानं केलं. त्या घड्याळाची यंत्रणा आजही उत्तम चालते, आणि मी ते घालत नाही. डागाकडे बघून मला जी खंत वाटायची ती कधीकधी. नव्या तबकडीकडे बघून वाटते ती रोज.

तर मग राखणदारासारखं बसून राहायचं का? नाही. जगातल्या सगळ्यांत नावाजलेल्या वाद्यांकडे बघा. अंतोनियो स्त्रादिवारीनं बनवलेली व्हायोलिनं आज मैफिलींत वाजतात, ती जवळजवळ सगळी बदललेली आहेत. साधारण एकोणिसाव्या शतकात सभागृहं मोठी झाली, तारांचा ताण वाढला, तेव्हा कारागिरांनी त्यांच्या आखूड माना काढून लांब, मागे झुकलेल्या माना बसवल्या, आतली आधाराची पट्टीही जाड केली. तसं केलं नसतं तर ती वाद्यं मुकी होऊन कपाटात गेली असती. बहुतेकांनी एक गोष्ट फार सुंदर केली: मानेच्या टोकाचा कोरीव गुंडाळा कापून घेतला आणि तोच नव्या मानेवर कलम केला. स्त्रादिवारीच्या हातचा तेवढा भाग फेकला नाही. आणि १६९० मध्ये मेदिची घराण्यासाठी केलेला एक मोठा व्हिओला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) फ्लोरेन्समध्ये मूळ स्वरूपात राहिला आहे. त्या माना आधी कशा होत्या हे समजायला असं न बदललेलं वाद्य लागतं. सगळीच बदलली असती तर काय बदललं हेसुद्धा कळलं नसतं.

म्हणजे मोजदाद महत्त्वाची. लाखोंनी निघालेल्या वस्तूंपैकी एक, तीही आधीच अर्धी मोडलेली, तुम्ही वाटेल तशी बदला, माझी ना नाही. हातावर मोजण्याइतक्या उरलेल्यांपैकी एक असेल तर हात खिशात. आणि किती उरल्यात हे ठाऊक नसेल तर ते कळेपर्यंत हात खिशातच.

रेडिओ. तुमची मुलगी म्हणते त्यात चूक काही नाही. वाजत नसलेला रेडिओ म्हणजे लाकडी खोकं, हे तिचं म्हणणं मला तुमच्या पॉलिशच्या बेतापेक्षा जास्त पटतं. कित्येक देशांत मध्यम लहरींची केंद्रंच बंद होत चालली आहेत. दुरुस्त झाला तरी तो ऐकवणार काय, हा प्रश्न खराच आहे. पण आतलं काढायची गरज नाही.

रेडिओची पाठ बघा. त्या काळच्या बऱ्याच रेडिओंना मागं दोन भोकं असत, शेजारी तबकडीचं किंवा ग्रामोफोनच्या भुजेचं चित्र, नाहीतर "पीयू" (म्हणजे पिकअप) अशी अक्षरं. तिथं ग्रामोफोन जोडायचा आणि रेडिओनं त्याचा आवाज मोठा करायचा, अशी सोय. त्याच भोकांत ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर जोडता येतो. म्हणजे मुलीच्या फोनमधलं गाणं रेडिओच्याच वाल्व्हमधून, त्याच्याच कर्ण्यातून येईल. एकही भोक पाडायचं नाही, एकही तार कापायची नाही. वाल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो, तेवढं तिला थांबावं लागेल. मला वाटतं तिला ते आवडेल.

मात्र हे करण्याआधी, आणि इथं मी चेष्टा करत नाही, तो रेडिओ "बघू तर चालतो का" म्हणून वीजेला लावू नका. आतले कागदी कपॅसिटर इतक्या वर्षांनी गळके झालेले असतात, मोठे इलेक्ट्रोलिटिक जातीचे कपॅसिटर फुटू शकतात, तारेवरचं रबर भुगा झालेलं असतं. वाल्व्हच्या रेडिओत दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो. शिवाय काही रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसतो, आतला धातूचा सांगाडा थेट वीजपुरवठ्याला जोडलेला असतो. अशा रेडिओच्या मागच्या भोकांत काही जोडणं म्हणजे जिवाशी खेळ, मध्ये विद्युत अलगीकरण असल्याशिवाय नाही. तुमचा कुठल्या जातीचा आहे ते वाल्व्ह हाताळलेल्या माणसालाच बघू द्या.

तो माणूस आतले कपॅसिटर बदलेल. बदलायलाच हवेत, ते तुमच्या पेनातल्या रबरी नळीचेच भाऊबंद. जुने फेकू नका म्हणून सांगा. काही हौशी मंडळी जुन्या कपॅसिटरचं कवच पोकळ करून त्यात नवा, इवलासा कपॅसिटर भरतात आणि वरून मेणानं बंद करतात. आत डोकावलं तर सगळं जसंच्या तसं. मला हे कसब बघायला फार आवडतं, तरी मनात एक खट्टू विचार येतोच: उद्या कुणी ते उघडून बघेल आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा कपॅसिटर अजून शाबूत आहे असं समजेल. म्हणून असं केलंत तर पेटीच्या आत एक चिठ्ठी चिकटवा. काय बदललं, कधी, का. दोन ओळी पुरेत, शाईपेन असताना बॉलपेननं लिहू नका. प्रत्येक वस्तूसाठी असं एक कार्ड करायला लागलात तर नाण्यांचं पहिलं करा, ते लिहिताना सगळ्यांत जास्त त्रास होईल.

आणि मागची पाटी काढून बघितलीत, नि आतला सांगाडा आधीच कुणी उचकटून नेलेला निघाला, नुसती पेटी नि जाळीचं कापड उरलेलं असलं, तर पोरीला खुशाल स्पीकर बसवू द्या. मला विचारायलाही थांबू नका.

एक राहिलं. सांगाडा पेटीबाहेर काढण्याआधी डायलच्या दोरीचा फोटो घ्या, सगळ्या बाजूंनी. बटण फिरवलं की काटा सरकवते ती बारीक दोरी तीन-चार पुल्यांवरून कशी कशी वळसे घेत जाते, ते फोटोशिवाय कुणाच्याही लक्षात राहत नाही. मी एकदा "ठेवीन लक्षात" म्हणालो होतो. मग पूर्ण रविवार गेला, आणि शेवटी काटा चालला तो उलट्या दिशेनं.